पाळीतली पोटदुखी आणि मेडिकलमधली गोळी: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की पाळीत पोट दुखलं की कुठली गोळी घेता, तर एवढी पत्रं आली की माझे दोन रविवार वाचण्यातच गेले. आणि गंमत बघा, कितीतरी जणींनी गोळीचं नावच लिहिलेलं नाही. "ती गुलाबी", "मेडिकलवाला देतो ती", "आई घ्यायची तीच", एकीनं तर नुसतं "पोटदुखीची" असं लिहिलंय. तुम्हाला हसत नाहीये मी, कारण मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, २३ वर्षं काउंटरमागे उभी आहे आणि आमच्याकडे असंच मागतात. दुकानातली पुरुष गिऱ्हाइकं जाईपर्यंत मुलगी खोकल्याच्या बाटल्या बघत उभी राहते, मग हळूच "ती गोळी द्या ना दोन". आणि दुकानदार स्ट्रिप काढतो, कात्रीनं कचकन दोन गोळ्या कापतो, नाव राहतं एकीकडे, एक्सपायरी दुसरीकडे, मुलीच्या हातात येतो नुसता चंदेरी तुकडा. तिला कळणार कसं आपण काय खाल्लं ते? असो, पत्रांकडे वळूया.

प्रश्न: ताई, मी पुण्यात हॉस्टेलला असते, वय २०. पहिल्या दिवशी कळा इतक्या येतात की लेक्चरला बसवत नाही. मेफ्टाल स्पास घेते, दर महिन्याला चार-पाच तरी होतात. आई म्हणते सवय लागेल आणि पुढे मूल व्हायला त्रास होईल. रूममेट म्हणते त्या गोळीवर सरकारने बंदी आणलीय. खरं काय समजू?
(एक हॉस्टेलवाली, पुणे)

उत्तर: बंदी नाही आणलेली. झालं होतं असं की नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने, म्हणजे औषधांच्या दर्जावर आणि सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, या गोळीतल्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल एक सूचना काढली, की या औषधानं काही जणांना ड्रेस सिंड्रोम नावाची रिअ‍ॅक्शन येऊ शकते तर डॉक्टरांनी आणि पेशंटनी लक्ष ठेवावं. (ड्रेस म्हणजे इंग्रजी आद्याक्षरं आहेत ती, कपड्यांशी काही संबंध नाही, एका बाईंनी मला खरंच विचारलं होतं.) ही रिअ‍ॅक्शन फार क्वचित येते पण येते तेव्हा हलकी नसते: ताप, अंगभर पुरळ, तोंड सुजणं, मानेत काखेत गाठी येणं, लिव्हरलाही त्रास होतो. आणि पंचाईत अशी की ती गोळी गिळल्या गिळल्या येत नाही, साधारण २ ते ८ आठवड्यांनी उमटते, तोवर आपण गोळी घेतली होती हेच विसरलेलो असतो आणि पुरळ कशाचं म्हणून वांग्यावर नाहीतर नव्या साबणावर संशय घेत बसतो. तर असं काही दिसलं की गोळी बंद, त्याच दिवशी डॉक्टर, आणि त्यांना आठवणीनं सांगायचं की मागच्या दोनेक महिन्यांत मी ही गोळी घेतली होती.

आता स्ट्रिप उलटी कर आणि बारीक अक्षरं वाच. मेफेनॅमिक अ‍ॅसिड २५० मिलिग्रॅम आणि डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम. म्हणजे एका गोळीत दोन औषधं. डायसायक्लोमिन पेटका सैल करतं, त्यानंच तोंड कोरडं पडतं, झोप येते, कधी नजर जराशी धूसर होते, म्हणून ही गोळी घेऊन लगेच स्कूटी काढू नकोस. दुखणं थांबवायचं मुख्य काम मेफेनॅमिक करतं. ते कसं हे जरा सविस्तर सांगते कारण त्यावरच बाकी सगळं अवलंबून आहे.

पाळीच्या सुमारास गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं. ते पिशवीला आवळायला लावतं, आवळली की तिचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो, आणि ती कळ येते जी ओटीपोटातून कंबरेत आणि मांड्यांत उतरते. थोडं आतड्यांपर्यंतही पोचतं, म्हणून तर पहिल्या दिवशी दोन-तीनदा पोट साफ होतं, मळमळतं, काहींना उलट्याच होतात. मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफेनॅक ही सगळी एकाच घराण्यातली औषधं हे रसायन तयार होणं थांबवतात. अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या नेमकं हेच करतात हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता, म्हणजे त्याआधी कितीतरी वर्षं लोक गोळ्या घेतच होते पण त्या का लागू पडतात ते धड कुणाला माहीत नव्हतं.

आता यातली कामाची गोष्ट. गोळी नवीन रसायन बनू देत नाही, आधीच बनून गेलेलं ती पुसून टाकत नाही. आणि आपण करतो काय, "बघू, सहन होतंय तोवर थांबू" म्हणत दुपारपर्यंत गादीत गोळा होऊन पडतो आणि अगदीच जीव जायला लागला की मग गोळी, मग म्हणतो हिचा उपयोगच होत नाही, घे अजून एक. उलट करायचं. डाग दिसला किंवा पहिली कळ आली की लगेच, खाऊन, एक गोळी. मग दुखो न दुखो, आठ तासांनी दुसरी. तारीख पक्की असलेल्या काही जणींना डॉक्टर आदल्या दिवसापासूनच सुरू करायला सांगतात. मेफ्टाल स्पास दिवसाला जास्तीत जास्त तीन, आणि दोन, फार तर तीन दिवस. वेळेवर सुरू केली तर बऱ्याच जणींना एकूण गोळ्या कमीच लागतात.

तू लिहिलंस महिन्याला चार-पाच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एका दिवसात चार-पाच असं म्हणायचं असेल तर मात्र थांब, ते जास्त होतंय. सवयीचं म्हणशील तर या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, दर महिन्याला घ्यावी लागते कारण पाळी दर महिन्याला येते, चष्मा रोज लावावा लागतो म्हणून चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणतो का? मूल न होण्याचंही तसंच, महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या गोळीनं वांझपण येत नाही हे आईला माझ्या नावानं सांग. एवढं खरं की दिवस राहावेत म्हणून प्रयत्न चालू असतील तेव्हा दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत या गोळ्या टाळाव्यात, त्यानं बीज बाहेर पडायला उशीर होऊ शकतो, गोळी थांबवली की ते पूर्ववत होतं. आणि दिवस राहिल्यावर डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही.

अजून एक. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसेल, ती रेघ म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायचं औषध. आम्ही मेडिकलवाले ते सर्रास तसंच देतो हे मान्य, पण म्हणून ते गोळ्या-बिस्किटांसारखं होत नाही. एकदा जाऊन डॉक्टरला दाखव, दमा, अ‍ॅसिडिटी, अ‍ॅलर्जी काय असेल ते सांग, त्यांनी हो म्हटलं की पुढचे महिने निवांत.

प्रश्न: मुलगी १३ वर्षांची. पाळी सुरू होऊन सव्वा वर्ष झालं, आधी काही दुखत नव्हतं, आता मात्र शाळेतून फोन येतो घेऊन जा म्हणून. सासूबाई म्हणतात एवढ्या लहान पोरीला गोळी नको, ओवा खायला घाल नि शेक दे.
(आई, कऱ्हाड)

उत्तर: आधी नव्हतं दुखत आणि आता दुखतंय हे या वयात नेहमीचं आहे, सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्या बीज तयार न होताच येतात, त्यात दुखत नाही, पुढे ते चक्र बसलं की कळा सुरू होतात.

सासूबाईंचं शेकाचं बरोबर आहे हो. २००१ साली झालेल्या एका अभ्यासात पोटावर सतत हलकी ऊब देणारी पट्टी आणि आयबुप्रोफेनची गोळी यांची तुलना केली तर आराम जवळपास सारखाच मिळाला होता. फक्त शेकायच्या पिशवीत उकळतं पाणी भरू नका, टॉवेलात गुंडाळा आणि ती पोटाखाली घेऊन झोपायचं नाही, एका मुलीच्या पोटावर जाळीसारखे तांबूस-काळे डाग पडलेले मी पाहिलेत, रोज रोज गरम पिशवी लावून. ओव्यानं गॅस कमी होतो, खाऊ दे की. पण शेक शाळेत कसा देणार? वर्गात हॉट वॉटर बॅग घेऊन बसणार का पोरगी?

तर गोळी चालते. वजन ४० किलोच्या आसपास असेल तर पॅरासिटामॉल ५०० ची एक, सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसात तीनपर्यंत. त्यानं भागलं नाही तर आयबुप्रोफेन २०० ची, पोटभर खाल्ल्यावर, आठ तासांनी, पण ही सुरू करायच्या आधी एकदा मुलांच्या डॉक्टरांना विचारा, वजन कमी असेल तर नक्कीच विचारा. घरात आजोबांच्या गुडघ्यासाठी आणलेली नायमेसुलाइड पडलेली असते ती देऊ नका, १२ वर्षांखालच्या मुलांना ती देण्यावर आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे आणि तेराव्या वर्षीही मी तिला हात लावणार नाही. डिस्प्रिन नको, त्यात अ‍ॅस्पिरिन असतं, १६ च्या आतल्या मुलांना ते डॉक्टरनं सांगितल्याशिवाय देत नाहीत. आणि शाळेचं म्हणाल तर वर्गाच्या बाईंना डायरीत चिठ्ठी लिहून द्या, गोळीचं नाव, किती वाजता द्यायची, डबा खाल्ल्यावर द्यायची. चिठ्ठी असली की बाई नाही म्हणत नाहीत असा माझा तरी अनुभव आहे.

प्रश्न: मला गोळीनं भयंकर पित्त होतं म्हणून मी आधी पॅन-डी घेते मग गोळी. पण माझे सोमवार असतात, नवरात्राचे नऊ दिवस असतात, तेव्हा काय करायचं?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: ज्या प्रोस्टाग्लँडिनला आपण वर शिव्या घातल्या तेच जठराच्या आतल्या अस्तराला जपतं. गोळी त्याला सगळीकडेच अडवते, पिशवीतही आणि जठरातही, म्हणून जळजळतं. इंजेक्शन घेतलं म्हणजे पित्त होणार नाही हाही गैरसमज आहे, औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच.

उपास म्हणजे आपल्याकडे उपाशी थोडीच राहतात! राजगिऱ्याचा लाडू, केळं, दूध, दाण्याची आमटी आणि वरीचा भात, यातलं काहीही पोटात गेलं की गोळी घ्या. नुसता चहा म्हणजे खाणं नाही, नाशिककडे काय आणि आमच्याकडे काय, "चहा घेतलाय की" हे उत्तर मी हजारदा ऐकलंय. निर्जळी उपास असेल तर मात्र या घराण्यातली गोळी नको, पोटाबरोबर किडनीलाही पाणी लागतं. त्या दिवशी पाणी पिऊन पॅरासिटामॉल घ्या, ते जठराला टोचत नाही, कळा थोड्या कमी थांबतील पण थांबतील. औषधासाठी घोटभर पाणी प्यायल्यानं देव रागावत असेल असं मला वाटत नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

पॅन-डीचं असं की त्यात पँटोप्राझोल आणि डॉमपेरिडोन अशी दोन औषधं आहेत, आणि ती खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, पेनकिलरसोबत एकदम गिळून काही साधत नाही. दोन दिवसांपुरतं पित्ताचं औषध घेणं ठीक, पण त्यासाठी डॉक्टर बहुतेक नुसतं पँटोप्राझोल देतील. पूर्वी कधी अल्सर झाला असेल, शी डांबरासारखी काळी झाली असेल, कॉफीच्या गाळासारखी उलटी झाली असेल, तर मेफेनॅमिक-आयबुप्रोफेन तुमच्यासाठी नाहीत, पित्ताची गोळी घेऊनही नाहीत.

प्रश्न: गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली. नंतर पाळी आली ती इतकी दुखली आणि इतकं अंगावरून गेलं की विचारू नका. ती गोळी आणि पेनकिलर एकत्र चालते का?
(सून, चिपळूण)

उत्तर: ती गोळी म्हणजे बहुतेक नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, ते हार्मोन आहे, पेनकिलर नाही. दिवसाला तीन अशी, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून घेतात आणि थांबवली की दोन-तीन दिवसांत पाळी येते, ती कधी कधी जास्त जाते. तेव्हा आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक घ्यायला एरवी काही हरकत नसते. पण ही ढकलायची गोळी श्रावणापासून दिवाळीपर्यंत दर सणाला मेडिकलमधून परस्पर घेणं मला पटत नाही. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल, डोळ्यापुढे चमकणारं दिसून मग डोकं दुखणारी मायग्रेन असेल, लिव्हरचा आजार असेल, सिगरेट असेल, तर ती डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही, आणि घेत असताना एक पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर तडक हॉस्पिटल गाठायचं, सण राहू दे बाजूला. बाकी गौर माहेरवाशीण म्हणून येते, तिला पाळीचं काय नवल असणार, पण हे मी चिपळूणच्या सासूबाईंना सांगायला जात नाही.

प्रश्न: मी एमआयडीसीत लाइनवर काम करते. पोट दुखतं म्हटलं की सुपरवायझर ड्रॉवरमधून एक सुटी पांढरी गोळी देतात. नाव विचारलं तर म्हणतात घे गं, सगळ्या घेतात.
(कामगार, चाकण)

उत्तर: नाही घ्यायची. तुला दमा आहे का, आधी कुठल्या गोळीनं अंगावर गांध्या उठल्यात का हे त्या ड्रॉवरला माहीत नाही. तमिळनाडूतल्या कापड कारखान्यांत बायकांना पाळीच्या दिवसांत अशाच बिननावाच्या गोळ्या देत असल्याचं २०१९ मध्ये बातम्यांत आलं होतं, का तर लाइन थांबू नये म्हणून. तू आपली स्वतःची स्ट्रिप डब्याच्या पिशवीत ठेव, डबा खाल्ला की घे. आणि पाणी. लघवीला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी न पिणं आणि वर पेनकिलर, ही जोडी किडनीला वाईट.

प्रश्न: वय ४१. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवीवाटे पाणी काढणारं औषध अशी एकत्र गोळी चालू आहे. आधी पाळीचा काही त्रास नव्हता, गेली दोन वर्षं मात्र चार-चार दिवस दुखतं, गाठी पडतात. कॉम्बिफ्लाम दिवसाला चार आणि मधे मधे क्रोसिन ६५० तीन तरी होतात. जाऊबाई म्हणतात पिशवी काढून टाक, सुटशील एकदाची.
(गृहिणी, जालना)

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि कागदावर हिशोब मांडला, तुम्हीही मांडा. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. चार गोळ्या म्हणजे आयबुप्रोफेन १६०० झालं, डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय दिवसाला १२०० च्या वर जायचं नसतं. पॅरासिटामॉल १३०० झालं, त्यात क्रोसिनचे तीन वेळा ६५० म्हणजे १९५०, बेरीज ३२५०. पॅरासिटामॉलची मोठ्या माणसाची दिवसाची अगदी वरची हद्द ४००० आहे, मी गिऱ्हाइकांना ३००० च्या आतच राहा म्हणते, आणि त्यातच सर्दी झाली म्हणून सर्दीची गोळी घेतली की तिच्यातही पॅरासिटामॉलच निघतं. तुम्हाला वाटतंय आपण दोन वेगळ्या गोळ्या घेतोय, प्रत्यक्षात एकच औषध दोन नावांनी जातंय. असंच कॉम्बिफ्लाम आणि मेफ्टाल एकत्र घेणाऱ्याही खूप जणी आहेत, ती दोन्ही एकाच घराण्यातली, त्यानं आराम फारसा वाढत नाही, त्रास वाढतो.

पण तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी बीपीच्या गोळीची वाटते. टेल्मिसार्टन, पाणी काढणारं औषध आणि आयबुप्रोफेन ही तीन एकत्र आली की किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. त्यात जालन्याचा एप्रिल-मे, घाम, कमी पाणी. शिवाय या पेनकिलरनं बीपी चढतंही, म्हणजे एका हातानं उतरवायचं नि दुसऱ्या हातानं चढवायचं. तर आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक, डायक्लोफेनॅक हे सगळं आजपासून बंद, तूर्त नुसतं पॅरासिटामॉल आणि शेक, बीपीची गोळी मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही, आणि या आठवड्यात बीपीच्या डॉक्टरांकडे जाऊन क्रिएटिनिन (किडनी नीट चालतेय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासून घ्या, त्यांना गोळ्यांचा हा हिशोब दाखवा.

आता दुखण्याचं. चाळिशीत नव्यानं सुरू झालेलं दुखणं हे कॉलेजच्या मुलीच्या कळांसारखं समजायचं नाही. फायब्रॉइडच्या गाठी असतील, पिशवीच्या भिंतीतच अस्तर शिरलं असेल ज्याला अ‍ॅडिनोमायोसिस म्हणतात, एंडोमेट्रिओसिस (तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर वाढणं) असेल, अंगावरून भरपूर जातंय तर हिमोग्लोबिनही उतरलं असेल. बायकांच्या डॉक्टरकडे जा, सोनोग्राफी होईल. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी "काही नाहीये तुला" असं कुणी म्हटलं तर तिथं थांबू नका, एंडोमेट्रिओसिस कितीदा सोनोग्राफीत दिसतच नाही. संबंधाच्या वेळी दुखतं का, पाळीत शौचाला बसताना दुखतं का, हे डॉक्टरनं विचारलं नाही तर आपणहून सांगा, लाजून दोन वर्षं गेलीतच ना.

पिशवीचं. अंगावरून जाणं आणि दुखणं कमी करायला गोळ्या आहेत, हार्मोनवाली तांबी आहे जी पिशवीत बसवली की पाच-पाच वर्षं काम करते, बीपी असताना काय चालतं ते डॉक्टर सांगतील. ऑपरेशन काही जणींना खरंच लागतं, पण ते शेवटी. जाऊबाईंना दोष देत नाही मी, आपल्या मराठवाड्यात हे बोलणं हवेतच आहे. बीड जिल्ह्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची सरकारी समितीनं २०१९ मध्ये पाहणी केली तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड, पाळीत थांबायची सोय नाही, आणि कुणीतरी सांगतं काढून टाका म्हणजे कटकट मिटली. मिटत नाही ती, बीजकोश पण काढले असतील तर तिशी-पस्तिशीतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात. तेव्हा पिशवी काढ असं कुणी सांगितलं, अगदी डॉक्टरनं सांगितलं तरी, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

थोडक्यातल्या पत्रांना थोडक्यात उत्तरं देते, जागा संपत आली.

बायकोला दमा आहे, मेडिकलवाल्यानं कॉम्बिफ्लाम दिली, चालेल का असं सोलापूरहून एका दादांनी विचारलंय. दमा असलेल्या काही जणांना अ‍ॅस्पिरिन-आयबुप्रोफेनच्या घराण्यानं दम उसळतो, पूर्वी त्यांनी अशी गोळी घेऊन काही झालं नसेल तर गोष्ट वेगळी, माहीत नसेल तर पॅरासिटामॉलच द्या आणि डॉक्टरला विचारा. गोळीनंतर छातीत शिट्टी वाजायला लागली तर वाट बघत बसू नका.

ठाण्याच्या मुलीनं लिहिलंय की ऑगस्टमध्ये ताप होता, त्यातच पाळी आली, मेफ्टाल घेतली तर डॉक्टर ओरडले. बरोबर ओरडले गं. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही हे ठरेपर्यंत मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन काही नाही, डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असतात आणि या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नुसतं पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी.

न्यू जर्सीहून एक ताई विचारतात की भारतातून मेफ्टाल संपली, इथं काय घेऊ. तिथं मेफेनॅमिकला चिठ्ठी लागते, पण आयबुप्रोफेन २०० चं मिळतं, अ‍ॅडव्हिल किंवा दुकानाच्या स्वतःच्या नावाचं स्वस्त, नाहीतर नॅप्रोक्सेन सोडियम २२० चं, ते जास्त तास टिकतं. दोन्हीतलं एकच. डबीवर किती तासांनी नि दिवसाला किती ते छापलेलं असतं, तेवढंच. शंभर-दोनशे गोळ्यांची डबी बघून हात सैल होतो तो होऊ देऊ नका.

पाळी आठवडाभर उशिरा आली आणि एकाच बाजूला दुखतंय, गोळी घेऊ का, असं निनावी पत्र आहे. आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर, आजच. गर्भ नळीत राहिला असेल तर गोळीनं दुखणं झाकलं जाईल आणि आत नळी फुटेल. चक्कर येत असेल, खांदा दुखत असेल तर टेस्टचीही वाट बघू नकोस, कुणाला तरी सोबत घे आणि हॉस्पिटलला नीघ. तासाला एक पॅड भिजतंय, किंवा पाळीत थंडी वाजून ताप आणि घाण वास, तेव्हाही तसंच.

आणि शेवटचं पत्र सातारहून: "नवरा मेडिकलात जाऊन लाजतो, काहीतरी भलतंच घेऊन येतो, काय सांगून पाठवू?" काही सांगू नका, चिठ्ठी लिहून द्या. आयबुप्रोफेन ४००, पूर्ण स्ट्रिप, कापलेली नको, एक्सपायरी बघून. खाली कंसात लिहा की येताना केळी.